तळ्याची पोथी आणि माझा बसलेला आवाज

बंगलोरला कसं जावं, कुठं उतरावं, खाण्याचे हाल होतात का, असे प्रश्न या ब्लॉगवर अधूनमधून येतात. आजच्या बंगलोरबद्दल माझी नातवंडं तुम्हाला जास्त सांगतील. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. आठ दिवस राहिले, नावाजलेली बाग नाही की राजवाडा नाही, काहीच पाहिलं नाही. तरीही कुणी प्रवासाची गोष्ट विचारली की माझ्या तोंडी आधी हीच येते.

तेव्हा मी पन्नाशीची होते. सांगलीत शाळेत मराठी शिकवायचे आणि दर मंगळवारी आमच्या गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायचे. पंधरा वर्षांत त्या मंडळात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी वाचलं नव्हतं. माझी एक मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही. बायका मला ‘छापील बाई’ म्हणत आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू!

एक दिवस बंगलोरहून जाडजूड पाकीट आलं. नणंदेच्या ओळखीतले कुणी मल्हारअण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर तिकडं गेलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. घरात मराठी बोलायचं, बाहेर कन्नड, आणि लिहायचं-वाचायचं तेही कन्नडच, असं त्यांचं चाललेलं. त्यांच्या समाजाकडं एक हस्तलिखित पोथी होती. दरवर्षी माघात सात संध्याकाळी सात अध्याय वाचायचे अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वाचणारे म्हातारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या वर्षी वाचन झालंच नाही.

‘जी पोथी वाचली जात नाही, ती घरात ठेवू नये, अशी आमच्यात समजूत आहे,’ अण्णांनी लिहिलं होतं. ‘यंदा सात दिवस पुरे झाले नाहीत, तर श्रीरंगपट्टणला नेऊन कावेरीत सोडायची, असं पंचांनी ठरवलं आहे. तुम्ही याल का?’

सोबत साती अध्यायांच्या झेरॉक्स होत्या. गोष्ट साधी. दुष्काळात एक वडारीण, म्हणजे दगड फोडणारी बाई, गावासाठी तळं खोदायला निघते. सहा ठिकाणी खोदून हात हलवत परत येते, सातव्या ठिकाणी पाणी लागतं. गावाचं नाव पोथीत नाही, तळ्याचंही नाही. मी दोन महिने तयारी केली. श्वास कुठं घ्यायचा, कुठला शब्द तोडायचा, पेन्सिलीनं खुणा केल्या. आणि एक ध्यास घेतला, की बंगलोरला जाऊन ते तळं शोधून काढायचं. भूगोल पक्का असल्याशिवाय मला चैन पडत नाही.

“जा,” आमचे हे म्हणाले. “तुझ्या तोंडून एखादी चूक ऐकायला मिळावी म्हणून देवसुद्धा तिकडं येऊन बसेल.”

मिरजेहून दुपारची गाडी धरली. आरक्षण महिनाभर आधी करावं लागे. बरोबर धपाटी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. बेळगाव मागे पडल्यावर डब्यातली भाषा हळूहळू बदलत गेली, हुबळीला तर माझ्या बाकावर मी एकटीच मराठी उरले. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर तुमकूरकडचे प्रचंड काळे खडक होते, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. स्टेशनवर ताटलीएवढी चपटी इडली मिळाली. तिला तिथं तट्टे इडली म्हणतात. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर ती चुकवू नका, आणि एकच घ्या, दोन संपत नाहीत.

अण्णा फलाटावरच उभे होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि डोक्याला लोकरीची कानटोपी.

“या बाई, या. प्रवास सरी झाला की नाही?” ‘सरी’ म्हणजे ठीक.

रिक्षात बसलो, आणि ‘स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे’, म्हणजे थोडं पुढं, थोडं पुढं, करत कॉटनपेठेतल्या त्यांच्या घरापर्यंत आलो. दारात सरोजक्का, अण्णांच्या पत्नी, तांब्या घेऊन उभ्या. पाय धुतल्याबरोबर हातात पितळी वाटीतली कॉफी. मी चहाची माणूस, पण त्या कॉफीनंतर आठ दिवस मला चहाची आठवण झाली नाही.

संध्याकाळी पाच वाजता देवळाशेजारच्या सभागृहात पहिला अध्याय. चाळीसेक माणसं होती. वाचन उत्तम झालं. मी पोथी मिटणार, तेवढ्यात मागून एक बाई उठली. माझ्याच वयाची, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, पदराच्या टोकाला दोन सुया टोचलेल्या.

“अक्का, एक विचारतो,” ती म्हणाली. आमच्याकडं कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांतही बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तसंच. “पाणी सगळ्या गावाला पायजे होतं. मग ही एकटीच का खोदत बसली? लोकांना का बोलावलं नाही तिनं?”

पंधरा वर्षांत मला वाचनानंतर कुणी प्रश्न विचारलेला आठवत नव्हता. “पोथीत तसं काही लिहिलेलं नाही,” मी म्हणाले आणि पोथी कापडात गुंडाळली.

ती गिरिजक्का. आनेकलला तिचं शिवणाचं छोटं दुकान. रोज दीड तास बसनं यायची, शेवटची बस धरून परत जायची. नवरा गेल्यापासून एकटीच मशीन चालवत होती, असं सरोजक्कांनी जेवताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला तळं दाखवायला घेऊन निघाले. “होसकोटेचं तळं मोठं आहे, तेच असणार,” ते म्हणाले. बसनं तासाभराचा रस्ता, दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव आणि नवे कारखाने. तळं खरंच मोठं होतं, पार क्षितिजाला टेकलेलं. काठावर एक धनगर बसला होता. अण्णांनी त्याला कन्नडात आमची गोष्ट विचारली. तो खूप हसला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, हे तळं बाईनं नाही, पाळेगारानं, म्हणजे इथल्या जुन्या सरदारानं बांधलं. बाईचं तळं हवं असेल तर दुसरीकडं बघा.”

दुपारी बसस्टँडजवळच्या खाणावळीत नाचणीचा मुद्दा खाल्ला. वाफाळता गोळा, सोबत पातळ आमटी. मी चावायला लागले तसे अण्णा घाबरले. “चावू नका बाई, गिळा! चावलं तर दाताला चिकटतं.” नवख्यांसाठी हा सल्ला मी जसाच्या तसा पुढं देते.

त्या संध्याकाळी मी जे केलं, ते लिहायला मला आजही जड जातं.

तिथं अशी रीत होती की अध्याय संपल्यावर श्रोत्यांतल्या कुणीतरी पुढं येऊन शेवटची ओवी पुन्हा म्हणायची. त्या दिवशी गिरिजक्का आली. शाळेत हिंदी शिकल्यामुळे तिला बाळबोध अक्षरं वाचता येत, बोट ठेवून, एकेक करून. ओवीत ‘झरा’ हा शब्द होता. कन्नडात आपल्या झऱ्यातला झ नाही. ती ‘झ्यरा’ म्हणाली.

“झरा,” मी सांगितलं.

“झ्यरा.”

“जीभ दातांच्या मागं लावा. झ-रा.”

“झ्यरा,” ती पुन्हा म्हणाली, आणि मागं कुणीतरी हसलं.

मी थांबायला हवं होतं. पण शाळेतली बाई माझ्या अंगात आली. “पोथी आहे ही,” मी म्हणाले. “शुद्ध येत नसेल तर वाचू नये माणसानं. ऐकावं.”

गिरिजक्कानं पान माझ्या हातात दिलं, पदर नीट केला आणि चपला घालून निघून गेली. तिच्या बसला अजून वेळ होता.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. सकाळी अण्णा मला दुसरं तळं दाखवायला कोरमंगलाला घेऊन गेले. तिथं नव्या इमारतींची रांग उभी राहत होती, सिमेंटची धूळ आणि कडेला माणसाएवढं गाजरगवत. एका राखणदारानं सांगितलं, इथं तळं होतं खरं, पण ते बुजवून किती दिवस झाले! परत येताना सिटी बसस्टँडवर उतरलो तेव्हा अण्णा ओशाळून म्हणाले, “बाई, खरं सांगू? इथंही तळंच होतं म्हणतात.” पायाखाली डांबर, समोर पन्नास लाल बसगाड्या. मी वहीत तिन्ही तळ्यांवर काट मारली.

संध्याकाळी घसा खवखवत होता, तरी वाचन निर्दोष झालं. पण लोक निम्मेच होते आणि कुणी काही विचारलं नाही. संपल्याबरोबर पोरांना घेऊन सगळे उठले. सरोजक्कांनी घरी येताना एवढंच म्हटलं, “आज कोणी बसायला तयार नव्हतं.” मला वाटलं, थंडीमुळे.

चौथ्या दिवशी सकाळी कॉफीसाठी ‘घेते’ म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. हवा बाहेर येत होती, अक्षर येत नव्हतं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. हे त्या गवताच्या परागांनी होतं म्हणाले, बंगलोरला नव्यानं येणाऱ्यांना बरेचदा. औषध दिलं आणि बजावलं, “आठवडाभर बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही.”

घरी आल्यावर अण्णा बराच वेळ देवघरासमोर उभे राहिले. मग वळून म्हणाले, “तुमचा दोष नाही बाई. आमचंच नशीब. पंचांना कळवतो. परवाच्या गाडीनं कावेरीला नेऊ.” त्यांच्या आजोबांनी ती पोथी प्लेगच्या साथीत घर सोडताना छातीशी बांधून नेली होती, हे मला त्यांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

मला रडू आलं. त्यात दुःख किती आणि अपमान किती, ते मला सांगता येणार नाही. एवढ्या लांबून येऊन अर्ध्यावर बसलेली वाचक!

तेव्हा स्वयंपाकघरातून सरोजक्का हात पुसत बाहेर आल्या. “कशाला कावेरी? आपण वाचूया की.”

“तुला बाळबोध येतं काय?” अण्णा म्हणाले.

“येत नाही. तुम्हाला येतं, स्वल्प. तुम्ही एकेक शब्द सांगा, आम्ही कन्नडात लिहून घेतो. अक्षरं कन्नड असली म्हणून काय झालं, भाषा आपलीच ना?”

दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती सहा बायका वह्या घेऊन बसल्या. अण्णा भिंग लावून पोथीतला शब्द उलगडत, बायका तो कन्नड अक्षरांत उतरवत. अडलं की सगळ्या माझ्याकडं बघत, आणि मी झेरॉक्सवर बोट ठेवून हातवारे करून अर्थ दाखवत असे. कुदळ, टोपली, घाम. ‘वाळवंट’ दाखवताना मी जे काही केलं, त्यावर बायका पोट धरून हसल्या, आणि मीही हसले, बिनआवाजाची. लिहिणाऱ्या एकीनं मध्येच मान वर केली. “हे सगळं इतकं सोपं आहे होय? इतकी वर्षं मला वाटायचं, संस्कृतच आहे.”

संध्याकाळी चौथा अध्याय चौघांनी मिळून वाचला. मला पाऊण तास लागला असता, त्यांना अडीच तास लागले. ळ होते, पण च-छ-ज-झ सगळे कन्नड. यती कुठंही पडत होती. माझे हात सारखे वर जात होते. दुरुस्त करायला आवाज नव्हता, म्हणून मी ते मांडीखाली दाबून धरले. आणि एक गंमत पाहिली, की कुणी उठलं नाही. एक शब्द अडला की दहा माणसं पुढं सरकत आणि आपापला अंदाज सांगत.

पाचवा दिवस. त्या दिवशीचा अध्याय मी सांगलीत निदान वीस वेळा वाचला असेन. खोदून खोदून काढलेल्या मातीचा आता डोंगर झालेला असतो. लांबून लोक तो ढीग बघायला येतात, वडारणीचं कौतुक करतात. ती हळूहळू पाण्याचं विसरते. ढीग सारवायला लागते, त्याच्या कडा नीट करते, पोरांना वर चढू देत नाही. एक दिवस जोगी येऊन पाणी मागतो. ती ढिगाकडं बोट दाखवून विचारते, केवढा झालाय बघितलात का? जोगी तहानलेला निघून जातो.

सरोजक्का वाचत होत्या. घाबरत, अडखळत, प्रत्येक शब्द दोनदा म्हणत. “जोगी... जोगी तहान... तहानलेला... गेला.”

या ओळीला माझ्या झेरॉक्सवर पेन्सिलीची खूण होती. ‘इथं श्वास घ्यावा.’ वीस वेळा मी तिथं बरोब्बर श्वास घेतला होता. आणि तो जोगी तहानलेला गेला, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकू आलं.

मला दुसऱ्या संध्याकाळचं सभागृहाचं दार दिसलं आणि चपला घालणारी गिरिजक्का दिसली. दीड तास बसनं येऊन तिनं माझ्याकडं काय मागितलं होतं? एक ओवी म्हणायला. आणि मी तिला माझा ढीग दाखवला होता. केवढा झालाय बघितलात का! सांगलीच्या मंगळवारच्या बायका आठवल्या. पंधरा वर्षं त्यांना मी त्यावर चढू दिलं नव्हतं. तळं मी होसकोट्यात शोधत होते, कोरमंगलात शोधत होते. पोथी तळ्याबद्दल नव्हतीच. ती खोदणाऱ्या बाईबद्दल होती, आणि ती बाई श्रोत्यांच्या तिसऱ्या रांगेत मांडीखाली हात दाबून बसली होती.

सहाव्या दिवशी सकाळी मी सरोजक्कांना पाटीवर लिहून दाखवलं, ‘आनेकल.’ त्यांनी मराठी अक्षरं वाचली नाहीत, माझं तोंड वाचलं. “सरी, चला,” म्हणाल्या आणि पिशवीत चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, डबा टाकला.

सिटी मार्केटमधून आनेकलची बस मिळते. शहर संपलं की नाचणीची कापलेली शेतं, नारळ, आणि कामाच्या पाळ्यांना निघालेली माणसं बसच्या पायऱ्यांवर. खिडकीशी जागा मिळाली तर रस्ता सुंदर आहे, पण मी त्या दिवशी काहीच पाहिलं नाही. मांडीवर वही ठेवून चार ओळी लिहीत होते आणि खोडत होते. इतका खराब निबंध माझ्या एकाही विद्यार्थ्यानं लिहिला नसेल.

गिरिजक्काचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत. दोन गिऱ्हाईकं उभी होती. आम्हाला बघून तिनं मशीन थांबवलं, पण उठली नाही. मी घशाकडं बोट दाखवलं आणि वही पुढं केली.

तिनं चष्मा लावला. आणि तिला मनात वाचायची सवय नसल्यामुळे, बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत ती वाचायला लागली. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

“गिरि-जक्का... मी चु-कले. तुम-च्या उच्-चारात दोष न-व्हता. मा-झ्या का-नात होता. तुम्ही प-हिल्या दिवशी जे वि-चारलं... त्याचं उत्तर म-ला ठाऊक न-व्हतं... म्हणून मी पोथी मिट-ली. पोथी तुम-ची आहे. वा-चायला या.”

माझी माफी मी तिच्याच तोंडून ऐकली, तिच्याच च आणि झ मध्ये. गिरिजक्कानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं पाहिलं.

“‘चुकले’तला च बरोबर आला काय, अक्का?”

खोटं सांगावंसं वाटेना. मी पेन्सिल घेऊन लिहिलं, ‘च चुकला. अर्थ नाही.’

तिनं तेही मोठ्यानं वाचलं आणि अशी हसली की शेजारचा पानवाला डोकावला. “पण कशी येऊ? संध्याकाळपर्यंत लग्नाचे सहा ब्लाउज द्यायचे आहेत. हूक, हेमिंग सगळं राहिलंय.”

सरोजक्कांनी पदर खोचला. मी तिच्या पदराच्या टोकाची एक सुई काढून घेतली. दोन वाजेपर्यंत आम्ही तिघींनी सहा ब्लाउज पुरे केले. माझं हेमिंग गिरिजक्कानं दोनदा उसवलं. “हे बाहेरून दिसतंय, अक्का. परत घाला.” मी परत घातलं. मध्ये चित्रान्न खाल्लं, आणि ब्लाउज पोचते करून तीनच्या बसनं निघालो.

त्या संध्याकाळी सहावा अध्याय. जोगी परत येतो आणि म्हणतो, पाणी आहे, पण ते तुझ्या ढिगाखाली आहे. बाई रागावते, त्याला दगड मारते, पाठ फिरवून बसते. शेवटी स्वतःच उठून पहिली टोपली भरते आणि ढीग उपसायला लागते. हा भाग वाचला जात असताना गिरिजक्का माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला.

सातव्या दिवशी सभागृह पुरलं नाही. पोथी आपलीच माणसं वाचताहेत म्हणून बातमी पसरली होती, होसकोट्यापासून लोक आले. बाहेरच्या अंगणात सतरंज्या घातल्या. सातवा अध्याय गिरिजक्काकडं होता. तिनं तो सकाळपासून अण्णांच्या घरी बसून स्वतःच कन्नड अक्षरांत उतरवला होता.

ती वाचायला लागली. बाई एकटी टोपल्या वाहते आहे, आणि मग, मी अक्षरशः ताठ झाले, गावातली माणसं एकेक करून येतात आणि टोपलीला हात लावतात. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळं गाव. पहिल्या दिवशी गिरिजक्कानं हेच विचारलं होतं आणि मी म्हणाले होते, पोथीत तसं काही लिहिलेलं नाही. लिहिलेलं होतं. माझ्या खुणांच्या पेन्सिलीखाली दोन महिने होतं.

ढीग सरला, कुदळ बसली आणि तो शब्द आला. गिरिजक्का थांबली. सगळं सभागृह थांबलं. तिनं कागदावरून नजर उचलून माझ्याकडं पाहिलं. मी पुढं वाकून मान हलवली, म्हणा.

“झ्यरा!” ती म्हणाली. अशी खणखणीत, की देवळातली कबुतरं उडाली.

तो शब्द तिथं तीनदा येतो. दुसऱ्यांदा बायकांनी साथ धरली. तिसऱ्यांदा सभागृह, अंगण, सतरंज्यांवरची पोरं, सगळे एका आवाजात ओरडले, “झ्यरा!” आणि मी, छापील बाई, आवाज नसलेल्या तोंडानं तेच म्हणाले. झ्यरा. जीभ अगदी त्यांच्यासारखी टाळूला लावून.

पोथी मिटल्यावर गिरिजक्का म्हणाली, “मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. नवरा गेल्यावर मी माझ्या दुःखाचा ढीग केला. मोठा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. तिच्यासारखाच. आता उपसतो. तुम्ही टोपलीला हात लावा.” एवढंच. मग तिनं पोथी उचलून अण्णांच्या डोक्यावर ठेवली.

हलगी वाजायला लागली. पोथी कॉटनपेठेच्या गल्ल्यांतून फिरली, दारादारांतून बायकांनी तिला ओवाळलं, पंच म्हणवणारे म्हातारे पुढं नाचत होते. चौकात अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कावेरीचं नाव काढायचं नाही, म्हणाले, पुढच्या वर्षी वाचायला कोण कोण? मी मोजले, एकतीस हात होते. अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी कानटोपीच्या कडांवरून ओघळत होतं आणि ते पुसायचं अण्णा विसरले होते. जेवायला कोसंबरी, म्हणजे मुगाच्या डाळीची कोशिंबीर, आणि होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी. मी चार खाल्ल्या.

परतीच्या गाडीत माझं कुणाशी बोलणं झालं नाही, बोलता येतच नव्हतं. मिरजेला हे आले होते. दोन दिवस माझ्या न बोलण्यावर त्यांनी भरपूर विनोद करून घेतले, मग आवाज आला, पहिल्यापेक्षा थोडा जाडा. तो तसाच राहिला.

काय उरलं म्हणाल, तर तळ्याचा पत्ता मला सापडला नाही, आणि आता मी शोधतही नाही. गिरिजक्का पुढं दहा-बारा वर्षं ती पोथी वाचत राहिली. सरोजक्कांनी साठीनंतर बाळबोध शिकून मला पहिलं पत्र लिहिलं, दोन ओळींचं, सहा चुकांचं. मी ते दुरुस्त केलं नाही.

सांगलीतल्या पहिल्याच मंगळवारी मी पोथी उघडली आणि समोर बसलेल्या शेवंताबाईंच्या हातात दिली. त्या दचकल्या. “बाई, माझ्याकडून चुका होतील.” म्हटलं, होऊ देत. त्यांनी पहिल्या पानाला अर्धा तास लावला. मध्ये दोघींनी अर्थावरून भांडण काढलं. पंधरा वर्षांत आमच्या मंडळात एवढा गोंगाट झाला नव्हता. आमचं जे पारायण सात मंगळवारांत संपायचं, ते आता अकरा मंगळवार चालतं, कधी बाराही. नव्या सुना येतात, त्यांच्या त्यांच्या गावचे उच्चार घेऊन येतात, वाचतात, अडतात, विचारतात.

परवा एकीनं विचारलं, “बाई, मग तुम्ही आता पोथीत काय करता?”

मी म्हणाले, “मी ऐकते.”